बोलायला शिकवणारी बाई आणि मोडके इंग्रजी : इल्का ग्रूनिंग

१/
'कासाब्लांका' (१९४२) पाहिलेल्या प्रेक्षकांना एक वृद्ध जोडपे सहसा आठवते. रिकच्या कॅफेत बसून ते दोघे अमेरिकेला निघण्याच्या आदल्या रात्रीची ब्रँडी घेत आहेत. दोघांचीही मातृभाषा जर्मन. परंतु यापुढे आपसांतही केवळ इंग्रजीच बोलायचे, असा त्यांचा निश्चय झाला आहे. नवरा वेळ विचारतो, बायको उत्तर देते, नवरा आश्चर्य व्यक्त करतो. तीनही वाक्ये इतकी मोडकी की प्रेक्षागृहात हमखास हशा पिकतो. प्रसंग जेमतेम मिनिटभराचा. या धाग्याचा विषय म्हणजे त्या मिनिटातील बायको.

२/
तिचे नाव इल्का ग्रूनिंग. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते नाही. चित्रीकरणाच्या वेळी त्या पासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यामागे रंगभूमीचा, मूकपटांचा व अध्यापनाचा प्रदीर्घ अनुभव होता. बर्लिनमध्ये त्यांची स्वतःची नाट्यशाळा होती आणि एका पिढीतील नटनट्यांनी तेथे रंगमंचावर उभे कसे राहावे, शब्द कसा उच्चारावा, हे शिकून घेतले होते. म्हणजे, जिने आयुष्यभर इतरांना बोलायला शिकवले, तिला जगाने लक्षात ठेवले ते बोलताना अडखळणारी बाई म्हणून. हे कसे घडले, याचा शोध घेताना विसाव्या शतकातील युरोपचा एक मोठा तुकडा उलगडत जातो.

३/
ग्रूनिंग यांचा जन्म व्हिएन्ना येथील, ४ सप्टेंबर १८७६ चा, कुटुंब ज्यू. सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा तो काळ. त्या व्हिएन्नात नाटक ही केवळ करमणूक नव्हती. बुर्गथिएटर या राजनाट्यगृहातील नटांविषयी शहर घरच्या माणसांसारखे बोलत असे. तेथील नटाचा उच्चार हा सुशिक्षित जर्मनचा मानदंड मानला जाई. अशा शहरात वाढलेल्या मुलीला रंगभूमीचे आकर्षण वाटावे यात नवल नव्हते. पुढे त्यांची कारकीर्द फुलली ती मात्र बर्लिनमध्ये.

४/
जर्मन रंगभूमीचे एक वैशिष्ट्य येथे समजून घेणे आवश्यक आहे. जर्मन भाषेच्या बोली अनेक : व्हिएन्नाची वेगळी, बव्हेरियाची वेगळी, हँबर्गची वेगळी. हॅंबर्गच्या नटाचे नाटक व्हिएन्नातही रुचावे, यासाठी रंगमंचाचा एक सामाईक उच्चार असावा असा विचार पुढे आला. १८९८ मध्ये भाषापंडित थिओडोर झीब्स यांनी अशा रंगमंचीय उच्चाराचे नियमपुस्तकच सिद्ध केले. पुढे शाळांतील शुद्ध उच्चारही त्यावरूनच ठरू लागला. म्हणजे नट हा भाषेचा केवळ वापरकर्ता नव्हता, तो तिचा राखणदार होता. ग्रूनिंग याच परंपरेत घडल्या.

५/
त्या नायिका म्हणून गाजल्या नाहीत. त्यांचे क्षेत्र चरित्र भूमिकांचे : आई, मावशी, उमरावीण, घरमालकीण, स्वयंपाकीण. चरित्र अभिनेत्याचे काम अवघड असते, कारण त्याच्या वाट्याला वेळ कमी येतो. नायकाला तीन अंक मिळतात. घरमालकिणीला दोन प्रवेश. तेवढ्यात तिचे वय, तिची ऐपत, तिचा स्वभाव आणि तिची एखादी खोड प्रेक्षकांना पटवून द्यावी लागते. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या चित्रपट व्यवसायाला उधाण आले, तेव्हा अशा सिद्धहस्त नटांना मोठी मागणी निर्माण झाली आणि ग्रूनिंग डझनांनी मूकपटांत दिसू लागल्या.

६/
दिग्दर्शकांची नावे पाहिली तरी त्यांच्या स्थानाची कल्पना येते. 'नोस्फेराटू'कार एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या 'फँटम' (१९२२) या चित्रपटात त्या उमरावीण आहेत. गेरहार्ट हाउप्टमान यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट म्हणजे एका साध्या कारकुनाच्या भ्रमाची आणि अधःपाताची कहाणी. पुढे जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांच्या दोन महत्त्वाच्या चित्रपटांत त्यांना भूमिका मिळाल्या. ते दोन्ही चित्रपट थोडे थांबून पाहण्याजोगे आहेत, कारण पुढे जे घडले त्याची पहिली पावले तेथेच उमटलेली दिसतात.

७/
पहिला, 'आनंद हरपलेली गल्ली' अशा अर्थाचे जर्मन नाव असलेला १९२५ चा चित्रपट. कथा महायुद्धोत्तर व्हिएन्नातील. महागाईने मध्यमवर्ग देशोधडीला लागला आहे, मांसासाठी खाटकाच्या दारात रात्रभर रांगा लागल्या आहेत आणि मूठभर सट्टेबाज मात्र चैनीत आहेत. आस्ता नील्सन आणि तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची असलेली ग्रेटा गार्बो यांच्या प्रमुख भूमिका. ग्रूनिंग या चित्रपटात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहेत : धनाढ्य रोझेनोव्ह कुटुंबाची गृहिणी. जन्मगावाचे हे उद्ध्वस्त रूप त्यांनी बर्लिनच्या स्टुडिओत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून साकारले.

८/
ही कथा ह्यूगो बेटाउअर या व्हिएन्नाच्या लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली होती. बेटाउअर जन्माने ज्यू. १९२२ मध्ये त्यांनी आणखी एक कादंबरी लिहिली होती. तिच्यात व्हिएन्नातून सर्व ज्यूंना हाकलून दिले जाते आणि शहर हळूहळू भकास होत जाते. ते उपहासात्मक लेखन होते. मार्च १९२५ मध्ये एका नाझी तरुणाने बेटाउअर यांच्या कचेरीत शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. दोन महिन्यांच्या आत चित्रपट बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. हिटलर सत्तेवर येण्यास अजून जवळजवळ आठ वर्षे होती.

९/
पाब्स्ट यांचा दुसरा चित्रपट 'एका मनाची गुपिते' (१९२६). मनोविश्लेषण पडद्यावर आणण्याचा हा पहिल्या गंभीर प्रयत्नांपैकी एक. फ्रॉइड स्वतः दूर राहिले, परंतु त्यांचे सहकारी कार्ल अब्राहम आणि हान्स झाक्स सल्लागार होते. नायकाला सुरीची विलक्षण धास्ती वाटू लागते. घरी जेवणे अशक्य झाल्यावर तो आईकडे जातो आणि आई लहान मुलासारखे त्याचे अन्न कापून देते. ती आई म्हणजे ग्रूनिंग. मुलगा म्हणजे वेर्नर क्राउस, त्या काळातील जर्मन रंगभूमीवरील अत्यंत बलवान नटांपैकी एक. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१०/
अभिनयासोबत ग्रूनिंग यांनी नाट्यशाळा चालवली. त्यांची सहकारी होती ल्युसी ह्योफ्लिश ही तितकीच नामवंत अभिनेत्री. माक्स राइनहार्ट यांच्या प्रसिद्ध संस्थेनंतर बर्लिनमध्ये याच शाळेचे नाव घेतले जाई. लिली पाल्मर, इंगे मायझेल, ब्रिगिट्टे होर्नी या पुढे नावारूपाला आलेल्या अभिनेत्री येथे शिकल्या. दोन शिक्षिका आणि तीन विद्यार्थिनी, अशी ही पाच नावे. एकाच छताखाली, एकाच शिस्तीत, एकच भाषा घासूनपुसून घेणाऱ्या या पाच स्त्रियांची १९३३ नंतर काय गत झाली, हे पाहिले की त्या वर्षाचा अर्थ कोणत्याही सनावळीपेक्षा स्पष्ट होतो.

११/
३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये चित्रपटक्षेत्रासाठी आणि सप्टेंबरमध्ये सर्व कलाक्षेत्रांसाठी शासकीय मंडळे स्थापन झाली. मंडळाचे सदस्यत्व नाही तर काम नाही आणि ज्यूंना सदस्यत्व नाही. यंत्रणा इतकी साधी होती. नाट्यगृहाला टाळे लावावे लागले नाही, नाटकावर बंदी घालावी लागली नाही. केवळ एक ओळखपत्र नाकारले की नटाचे नटपण संपत असे. छप्पन्न वर्षांच्या ग्रूनिंग यांच्यासाठी रंगमंच, कॅमेरा आणि शाळा या तिन्ही वाटा एकापाठोपाठ बंद होत गेल्या.

१२/
विद्यार्थिनींच्या वाटा फुटल्या. ज्यू असलेली लिली पाल्मर विशीच्या आतच पॅरिसला गेली, तेथून लंडनला आणि इंग्रजी चित्रपटांची तारका झाली. इंगे मायझेलचे वडील ज्यू; तिला १९३३ ते १९४५ रंगमंचावर पाऊल ठेवता आले नाही. युद्धानंतर मात्र पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर ती इतकी लोकप्रिय झाली की लोक तिला 'राष्ट्राची आई' म्हणू लागले. ब्रिगिट्टे होर्नीची कारकीर्द याच काळात बहरली; उफा कंपनीच्या भव्य, रंगीत 'म्युन्शहाउझेन' (१९४३) मध्ये ती रशियाची सम्राज्ञी कॅथरीन झाली. एकच शाळा, तीन प्राक्तने; आणि त्यांचा गुणवत्तेशी काहीही संबंध नव्हता.

१३/
मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि व्हिएन्नाला परतण्याचा मार्गही संपला. दशकाच्या अखेरीस ग्रूनिंग फ्रान्समार्गे अमेरिकेत पोहोचल्या. हे लिहायला एक वाक्य पुरते. प्रत्यक्षात त्यामागे कागदपत्रांची भिंत होती. अमेरिकेने जर्मनी व ऑस्ट्रिया या दोहोंसाठी मिळून वर्षाला २७,३७० व्हिसांची मर्यादा ठेवली होती. शिवाय निर्वासित सरकारवर भार होणार नाही, अशी एखाद्या अमेरिकी रहिवाशाने शपथपत्रावर दिलेली हमी लागे. 'कासाब्लांका'तील सारा घोळ व्हिसा आणि परवान्यांभोवती फिरतो. त्यातील पात्रे ज्या कागदासाठी जीव टाकतात, तो कागद अनेक नटांनी स्वतः मिळवलेला होता.

१४/
हॉलिवूडमध्ये तोवर निर्वासित कलावंतांची मोठी वसाहत झाली होती. एजंट पॉल कोनर, दिग्दर्शक अर्न्स्ट ल्युबिच आदींनी १९३८ मध्ये युरोपियन फिल्म फंड उभारला. ज्यांना काम होते ते आपल्या मिळकतीतील काही भाग त्यात घालत आणि ज्यांना नव्हते त्यांचे भाडे, जेवण, औषधपाणी त्यातून भागे. संगीतकाराला, छायाचित्रकाराला, नेपथ्यकाराला नव्या देशात काम मिळणे तुलनेने सोपे होते, कारण त्यांची साधने भाषेबाहेरची होती. नटाचे साधन त्याच्या जिभेवर होते आणि ते सीमेपलीकडे नेता येत नव्हते.

१५/
याचे ठळक उदाहरण म्हणजे आल्बर्ट बास्सरमान. जर्मन भाषक रंगभूमीवरील सर्वश्रेष्ठ नटाला आजीव धारण करण्यास मिळणारी इफलांड अंगठी त्यांच्याकडे होती. पत्नी ज्यू असल्याने त्यांनी देश सोडला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. संवाद ध्वनीवरून पाठ करून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहत. हिचकॉक यांच्या 'फॉरिन करस्पॉन्डंट' (१९४०) मधील भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. सत्तरी ओलांडलेला, आपल्या भाषेतील सर्वोच्च मान असलेला नट अर्थ न कळणारे ध्वनी पाठ करतो आहे, हे चित्र ग्रूनिंग यांच्या परिस्थितीवरही प्रकाश टाकते.

१६/
ग्रूनिंग यांना मिळालेल्या पहिल्या भूमिकांपैकी एक होती वॉर्नर ब्रदर्सच्या 'अंडरग्राउंड' (१९४१) मधील. बर्लिनमध्ये गुप्त आकाशवाणी चालवणारा एक भाऊ, आघाडीवर हात गमावून परतलेला नाझीनिष्ठ दुसरा भाऊ आणि या दोघांची आई, फ्राउ फ्रांकेन. ती आई ग्रूनिंग यांची. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. त्याच वर्षी जर्मनीत 'ओम क्र्यूगर' हा ब्रिटिशविरोधी प्रचारपट प्रदर्शित झाला. बोअर युद्धात ब्रिटिशांनी उभारलेल्या छळछावण्यांचे त्यात चित्रण होते आणि ते दाखवणाऱ्या राजवटीच्या स्वतःच्या छावण्या तेव्हा भरलेल्या होत्या. त्यात क्र्यूगर यांच्या पत्नीच्या भूमिकेत होती ल्युसी ह्योफ्लिश.

१७/
एकाच नाट्यशाळेच्या दोन संचालिका, एकच वर्ष आणि दोन परस्परविरोधी प्रचारपटांत दोघीही घराचा आधार असलेल्या वृद्ध स्त्रीच्या भूमिकेत. आणि वेर्नर क्राउस? 'एका मनाची गुपिते'मध्ये ज्याला त्यांनी घास कापून दिला होता, त्या नटाने १९४० मध्ये 'यूड स्युस' या कुप्रसिद्ध ज्यूद्वेष्ट्या चित्रपटात एकाहून अधिक ज्यू व्यक्तिरेखा विकृत ढंगाने रंगवल्या. हिमलरने हा चित्रपट एसएस व पोलीस दलांना पाहण्याचा आदेश दिला. युद्धानंतर, १९५४ मध्ये, बास्सरमान यांच्या पश्चात इफलांड अंगठी मिळाली ती याच क्राउस यांना.

१८/
आता पुन्हा रिकच्या कॅफेकडे वळू. मूळ नाटकाचे सहलेखक मरे बर्नेट १९३८ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाला जाऊन आले होते. ज्यू नातेवाइकांची सुटकेची धडपड त्यांनी जवळून पाहिली होती. चित्रपटाचे दिग्दर्शक मायकल कर्टिझ मूळचे बुडापेस्टचे. श्रेयनामावलीतील चौदा नटांपैकी जन्माने अमेरिकी केवळ तिघे. नाझी अधिकारी मेजर स्ट्रासरची भूमिका करणारे कॉनराड फाइट यांनी पत्नी ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडली होती. जर्मन उच्चार ही अशी गोष्ट झाली होती की तिच्या बळावर निर्वासिताला दोनच कामे मिळत : स्वतःची किंवा आपल्या छळकर्त्याची.

१९/
चित्रीकरण १९४२ च्या मे ते ऑगस्टमध्ये झाले. त्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'शत्रुदेशाचे नागरिक' ठरलेल्या जर्मनांना रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडण्यास मनाई होती आणि हिटलरपासून पळून आलेले जर्मन ज्यूही त्यात मोडत. म्हणजे दिवसा स्टुडिओत निर्वासित म्हणून किंवा नाझी म्हणून उभे राहायचे आणि रात्री आठच्या आत खरोखरचा संशयित म्हणून घर गाठायचे, असा अनेकांचा दिनक्रम होता. या वातावरणात ग्रूनिंग आणि त्यांच्याप्रमाणेच ऑस्ट्रियाचे लुडविग श्ट्योसेल हे लॉइश्टाग दांपत्य बनून टेबलाशी बसले.

२०/
प्रसंगातील विनोद नेमका कसा घडतो? जर्मनमध्ये 'ऊर' या एकाच शब्दाचा अर्थ घड्याळ असाही होतो आणि वेळ सांगताना तोच शब्द आकड्यापुढे 'वाजले' या अर्थी येतो. लॉइश्टाग दांपत्य तो शब्द उचलून त्याच्या जागी इंग्रजीतील 'मनगटी घड्याळ' ठेवते. मराठी माणसाने 'किती वाजले?' याचे शब्दशः इंग्रजी करून घंटांचा नाद विचारावा, तसाच हा प्रकार. शब्द इंग्रजी, वाक्याचा सांगाडा जर्मन. आणि गंमत अशी की दोघांनाही परस्परांचे बोलणे तत्काळ कळते, कारण दोघेही मनातल्या मनात जर्मनच ऐकत असतात.

२१/
वेटर कार्ल त्यांना अमेरिकेत त्यांचे उत्तम निभेल असा दिलासा देतो. हसू दाबून, पण मायेने. ही भूमिका करणारे हंगेरीचे एस. झेड. साकाल यांचे अनेक आप्त, त्यांत बहिणीही, नाझी छावण्यांत मारले गेले. ग्रूनिंग यांच्या अभिनयाकडे या प्रसंगात नीट पाहावे. त्या विनोद 'करत' नाहीत. वेळ सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत उत्तर बरोबर आल्याचा आनंद असतो. पुस्तकातून, पाठ करून, उशिरा शिकलेल्या भाषेतील पहिले यश. हास्यास्पद होण्याची संधी असूनही ती बाई हास्यास्पद होत नाही. चरित्र अभिनेत्रीचे काम म्हणतात ते हेच.

२२/
पुढची भाकरीही अशाच भूमिकांवर निघाली. 'किंग्ज रो' (१९४२) मध्ये त्या ॲना ही सेविका होत्या. अँथनी मान यांच्या 'डेस्परेट' (१९४७) मध्ये फरारी जोडप्याला शेतावर आसरा देणारी क्लारा मावशी त्यांनीच साकारली. माक्स ओफ्युल्स यांच्या 'लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन' (१९४८) मध्ये तिकीट घेणाऱ्या बाईचे, नाव न झळकलेले, काम त्यांच्याकडे होते. या चित्रपटात कॅलिफोर्नियात उभारलेले व्हिएन्ना आहे. प्राटरच्या जत्रेतील एक लुटुपुटूची आगगाडीही आहे. डबा जागचा हलत नाही, खिडकीबाहेर फिरते ती देशोदेशींची रंगवलेली दृश्ये. जन्मगावाशी त्यांची पडद्यावर अशीही एक भेट झाली.

२३/
त्याच हॉलिवूडमध्ये तेव्हा त्यांची विद्यार्थिनी लिली पाल्मर 'क्लोक अँड डॅगर' (१९४६) मध्ये गॅरी कूपर यांची नायिका होती. गुरूला मावशीची कामे, शिष्येला नायिकेची. कौशल्यापेक्षा वय येथे निर्णायक ठरले. विशीत देश सोडणाऱ्याला नवी भाषा अंगवळणी पडते. साठीत सोडणाऱ्याची जीभ जुन्या वळणाचीच राहते. स्थलांतराच्या इतिहासात व्हिसा, जहाजे आणि आकडे यांची नोंद होते. या नुकसानीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नसते. ती आढळते केवळ अशा चित्रपटांच्या ध्वनिपट्टीवर.

२४/
या फाळणीचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. 'आनंद हरपलेल्या गल्ली'ची पटकथा विली हास यांची. प्राग येथे जन्मलेले हे ज्यू लेखक बर्लिनमधील एका नामांकित वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादक होते. १९३९ मध्ये ते मुंबईला पोहोचले आणि मोहन भवनानी यांच्या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहू लागले. तेथे त्यांचे जुने स्नेही वाल्टर काउफमान आधीच होते. आकाशवाणीच्या सुपरिचित संकेतधुनीचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे संगीतकार. १९२५ च्या त्या एका चित्रपटाची मंडळी पंधरा वर्षांत अशी बर्लिन, मुंबई आणि हॉलिवूडमध्ये विखुरली होती.

२५/
'कासाब्लांका' पश्चिम जर्मनीत पोहोचला १९५२ मध्ये, जर्मन संवादांसह आणि सुमारे पंचवीस मिनिटे कापून. मेजर स्ट्रासर नाहीसा झाला. भूमिगत चळवळीचा नेता व्हिक्टर लास्लो हा एक नॉर्वेजियन शास्त्रज्ञ बनला. नाझींचा उल्लेखच पुसला गेला. ज्यांच्यापासून सारे पळत होते तेच कथेतून गेल्यावर कॅफेतील गर्दी कशासाठी ताटकळते आहे, हे कळण्याचा मार्ग राहिला नाही. संपूर्ण चित्रपट नव्या जर्मन संवादांसह दाखवला गेला तो १९७५ मध्ये. इल्का ग्रूनिंग यांचे लॉस एंजेलिसमध्ये नोव्हेंबर १९६४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले होते.

२६/
निर्वासितांचा इतिहास बहुधा थोरांच्या नावे सांगितला जातो : आइन्स्टाइन, टोमास मान, ब्रेख्त. त्यांची भाषणे, पत्रे, ग्रंथ उपलब्ध आहेत. ग्रूनिंग यांच्यासारख्या नटांचे दप्तर म्हणजे सेविका, मावशा आणि तिकीटवाल्या बायका. अमेरिकी श्रेयनामावलीत त्यांचे आडनावही बदललेले दिसते; जर्मन लिपीत 'यू'वर असणारी दोन टिंबे तेथे गळून पडली आहेत. 'कासाब्लांका' पुन्हा पाहण्याचा योग आला तर त्या टेबलाशी क्षणभर थांबावे. दहा वाजल्याचे चुकीच्या इंग्रजीत आणि पूर्ण आत्मविश्वासाने सांगणारी ती बाई एकेकाळी बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांचे उच्चार सुधारत असे.

(धागा समाप्त)